नोकरीची हमी पत्रकावर मिळत नाही
(इंदापूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलणं झालं. माझ्याकडे दिलेला विषय जरा वेगळा आहे. पोरांना, पोरींना कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या धंद्यात घालायचं असेल तर वाट कशी धरायची, कोणत्या परीक्षा द्यायच्या, कोणत्या क्रमानं द्यायच्या, आणि त्यात किती पैसा घालायचा, हे मला सांगायचं आहे.

शेतकऱ्यांच्या बैठकीत हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. गेली दोन-तीन वर्षं मी ज्या गावात बैठकीला जातो, तिथं बैठक संपली की कुणीतरी हात धरून मला बाजूला नेतं आणि हाच प्रश्न विचारतं. चारचौघांत विचारत नाही, बाजूला नेऊन विचारतं. कारण त्याच्या खिशात कुठल्यातरी क्लासचं रंगीत पत्रक असतं, आणि डोक्यात एक एकर काढायचा विचार असतो. पत्रकावर लिहिलेलं असतं, 'शंभर टक्के नोकरीची हमी'. आपल्या कापसाला हमीभाव आहे आणि तो किती जणांच्या पदरात पडतो ते आपल्याला ठाऊक आहे. तरीही 'हमी' हा शब्द वाचला की आपण विरघळतो.

मी इंजिनियर नाही. सुप्याच्या बाजूचा जिराइत शेतकरी आहे. शाळू, बाजरी, थोडी मटकी, एवढाच माझा पसारा. या विषयातलं मला जे कळतं ते मी पैसे घालवून शिकलो आहे. तुमचे पैसे जाऊ नयेत म्हणून बोलतो.

माझा आतबट्ट्याचा व्यवहार

२०१९ साली माझा थोरला मुलगा बी. एस्सी. झाला. पुण्यातल्या एका क्लासचं पत्रक घेऊन आला. फी ८५ हजार. सहा महिन्यांत तीन प्रमाणपत्रं आणि नोकरीची हमी. म्हणाला, "आबा, एकदाच घाला, परत मागणार नाही." त्या वर्षी आमच्याकडे चारा छावणी होती. हातात पैसा नव्हता. दोन गाई विकल्या, उरलेले पाहुण्यांकडून घेतले. पोराची आई त्या गाई विकायच्या विरोधात होती. ती म्हणाली, "ज्याची परीक्षा आहे ती कंपनी वेगळी, क्लास वेगळा, नोकरी देणारा वेगळा. मग हमी कोण देतंय?" तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी जरा मोठ्यानं बोललो आणि विषय संपवला.

क्लासमध्ये काय शिकवलं? परीक्षेत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. छापील गठ्ठा दिला आणि सांगितलं, पाठ करा. पोरगं हुशार, त्यानं पाठ केलं. परीक्षा पास झाला. आम्ही पेढे वाटले. मग पहिल्या मुलाखतीला गेला. समोरच्या माणसानं कोरा कागद दिला आणि म्हणाला, "एका कचेरीत ५० यंत्रं आहेत, दुसरीत २५, तिसरीत १०. पत्त्यांचे तुकडे पाडून दाखव." पोराला जमलं नाही. दुसऱ्या मुलाखतीत तेच झालं, तिसऱ्या मुलाखतीतही तेच. तेवढ्यात २०२० ची टाळेबंदी आली. पोरगं घरी आलं आणि दुधाच्या टेम्पोवर जाऊ लागलं.

क्लासवाल्याकडे गेलो तेव्हा त्यानं पावतीच्या मागचं बारीक अक्षर दाखवलं. हमी नोकरीची नव्हती, 'मुलाखतीची' होती. मुलाखती तर झाल्या होत्या!

पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. ज्याला काम कळत नाही त्याला फी जास्त आहे की कमी, हेही कळत नाही.

हे काम म्हणजे पाटकऱ्याचं काम

नीरेचा डावा कालवा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. धरणातून कालवा, कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून वावर. पाणी कुठल्या दारानं कुणाला सोडायचं, कुठं फुटलं तर कुठून बंद करायचं, टेलच्या माणसापर्यंत पोचतंय की नाही, हे पाहणारा माणूस लागतो. कॉम्प्युटरच्या जाळ्यात पाण्याऐवजी माहिती वाहते. वावराच्या जागी कॉम्प्युटर, मोबाइल, कॅमेरा, वजनकाटा. दाराच्या जागी दोन यंत्रं, स्विच आणि राऊटर. स्विच एकाच शिवारातल्या वावरांना आपापसात जोडतो. राऊटर एका शिवारातून दुसऱ्या शिवाराची वाट दाखवतो. ही दारं बसवणारा, त्यांना नियम घालून देणारा आणि फुटलं की रात्री दोन वाजता उठणारा माणूस म्हणजे नेटवर्क इंजिनियर.

हे काम फक्त हिंजवडी-खराडीलाच असतं असं समजू नका. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही साखर कारखान्याच्या वजनकाट्यापासून लेखा विभागापर्यंत जाळं आहे. बारामतीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात आहे, दूध संघात आहे, बँकेत आहे, दवाखान्यात आहे. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं उसाच्या शेतात सेन्सर लावून कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालवले, त्याची २०२४ पासून खूप चर्चा झाली. तो सेन्सरसुद्धा जाळ्याला जोडल्याशिवाय मुका. आपल्या शाळूच्या वाट्याला असा प्रयोग कधी येईल तो येवो, पण ते जाळं सांभाळायला माणूस लागणार, हे नक्की.

गट फोडण्याचं गणित

मुलाखतीत माझं पोरगं ज्याच्यावर अडलं, ते गणित मी नंतर त्याच्याकडून समजून घेतलं. तुम्हालाही सांगतो, कारण ते आपल्या घरातलंच आहे.

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, जसा प्रत्येक वावराला गट नंबर. पत्ता चार आकड्यांचा असतो, १९२.१६८.१.१० असा. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. एका साध्या तुकड्यात २५६ पत्ते बसतात. पण पहिला पत्ता त्या तुकड्याच्या नावासाठी राखलेला आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी. म्हणजे वापरायला २५४.

आता या गटाच्या चार वाटण्या करा. प्रत्येकीत ६४ पत्ते आले. प्रत्येकीतले दोन गेले, राहिले ६२. चार वाटण्यांचे मिळून २४८. आधी २५४ होते, सहा कुठं गेले? बांधात गेले! चार भाऊ वेगळे झाले की बांध वाढतात आणि पेरायची जमीन कमी होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि वाटणी कशीही पडत नाही. ६४, ३२, १६ अशी निम्म्यानिम्म्यानंच पडते. म्हणून ५० यंत्रांच्या कचेरीला ६४ चा तुकडा, २५ वाल्याला ३२ चा, १० वाल्याला १६ चा. मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. ज्या पोरानं तलाठ्याकडं फाळणीचा नकाशा पाहिला आहे, त्याला हे एका संध्याकाळी समजतं. क्लासनं त्याला ८५ हजारांत हे समजावलं नाही, फक्त उत्तरं पाठ करून घेतली.

पायऱ्या कोणत्या आणि कोणत्या क्रमानं

आता वाट सांगतो. कागद काढा आणि लिहून घ्या.

पहिली पायरी शिक्षणाची. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, किंवा आयटीआयचा 'कोपा'सारखा एक वर्षाचा ट्रेड, किंवा बारावीनंतर बी. सी. ए., बी. एस्सी. यातलं एक काही तरी घरापासून जवळ आणि सरकारी फीत होत असेल ते करा. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून आहे, इंदापुरातही कॉलेज आहे. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा पदवी किंवा डिप्लोमा विचारतात. प्रमाणपत्र हे पदवीच्या जोडीला असतं, तिच्याऐवजी नसतं. ज्याचं शिक्षण मध्येच सुटलं त्यानं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ते पुरं करावं. हे विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. पुष्कळ जण म्हणतात, "आमच्या पोरीनं एमएस-सीआयटी केलंय." चांगलं केलंय. सरकारी नोकरीला ते लागतं. पण ते कॉम्प्युटर वापरण्याचं शिक्षण आहे. ट्रॅक्टर चालवता येणं वेगळं आणि त्याचं इंजिन उतरवता येणं वेगळं.

दुसरी पायरी हाताच्या कामाची. ही पायरी सगळे गाळतात आणि तिथंच फसतात. तालुक्याच्या गावात इंटरनेट पुरवणारे आहेत, कॅमेरे बसवणारे आहेत, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्या हाताखाली सहा महिने-वर्ष काढावं. वायर खेचणं, तिला जोड काढणं, काचेच्या तारेचा सांधा करणं. ती काच बाहेरून १२५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि उजेड वाहतो तो त्याच्याही आतल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. सांधा जरा हुकला की उजेड गळतो, फुटलेल्या चारीसारखा. ज्यानं हे हातानं केलंय, त्याला पुस्तकातलं वाक्य पटकन कळतं. मोठ्या कारखान्यात जायचं असेल तर शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा आहे. त्यात विद्यावेतन द्यावंच लागतं. चौकशी करा.

तिसरी पायरी पहिल्या मोठ्या प्रमाणपत्राची. सिस्को नावाच्या अमेरिकन कंपनीची 'सीसीएनए' ही परीक्षा १९९८ पासून आहे आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त तीच ओळखली जाते. फेब्रुवारी २०२० पासून ती एकाच पेपरची झाली, वेळ १२० मिनिटं. त्यात काय येतं? जाळ्याची मूळ तत्त्वं २० टक्के, स्विच आणि वायरलेसची जोडणी २० टक्के, राऊटरनं वाट दाखवणं २५ टक्के, जाळ्यावरच्या सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के, आणि प्रोग्राम लिहून यंत्राकडून काम करून घेणं १० टक्के. पेपर मराठीत नाही, इंग्रजीतच वाचावं लागतं. म्हणून तयारीत रोज एक पान इंग्रजी वाचायची सवय धरा. बोलायला नंतर येईल, वाचायला आधी आलं पाहिजे.

ज्याला ही पायरी उंच वाटेल त्यानं आधी सिस्कोचीच लहान परीक्षा द्यावी, 'सीसीएसटी' नावाची, ती २०२३ पासून आहे. किंवा 'कॉम्प्टिया नेटवर्क प्लस' नावाची परीक्षा आहे, ती कुठल्याही एका कंपनीच्या यंत्राला बांधलेली नाही. पण तिन्ही देत बसू नका. एका वावरात एकाच हंगामात तीन पिकं घेतली की एकही नीट येत नाही.

चौथी पायरी नोकरीची. सीसीएनए झाल्यावर लगेच पुढच्या परीक्षेला पळू नये. आधी नोकरी धरावी. ती बहुधा रात्रपाळीची असते. एका खोलीत पडद्यांसमोर बसायचं आणि कुठलं दार लाल झालं ते पाहायचं. पगार पत्रकावरच्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. पण शिकायला तिथंच मिळतं.

पाचवी पायरी दोन-तीन वर्षं काम केल्यावर. 'सीसीएनपी', म्हणजे एक मुख्य पेपर आणि एक निवडीचा. तेव्हाच ठरवायचं की आपला कल कुठं आहे. सुरक्षा, वायरलेस, क्लाउड की प्रोग्राम. आणि आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पायथनसारखी प्रोग्रामची भाषा थोडी तरी यायलाच हवी. जे काम दहा माणसं हातानं करत होती ते आता एक माणूस प्रोग्रामनं करतो. मळणी यंत्र आलं तेव्हा खळ्यावर जे झालं तेच तिथं होतंय. यंत्र चालवणारा राहतो.

शेवटची पायरी 'सीसीआयई', आठ तासांची हाताच्या कामाची परीक्षा. ती आज मनात धरू नका. पाचव्या पायरीवर पोचलेला स्वतः ठरवेल.

खर्चाचा हिशेब मांडा

आपण उत्पादनखर्च काढायला शिकलो, तसा इथंही काढू.

सीसीएनएच्या परीक्षेची फी ३०० डॉलर. डॉलर ९० रुपये धरा. २७,००० रुपये झाले. त्यावर १८ टक्के कर, ४,८६० रुपये. एकूण ३१,८६० रुपये. आता हे आपल्या मालात मोजा. २०२५-२६ च्या हंगामाला मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर झाला. म्हणजे एका परीक्षेला साडेआठ क्विंटल शाळू. लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये. म्हणजे जवळजवळ चार क्विंटल कापूस. हा कागदावरच्या भावाचा हिशेब झाला. बाजारात जे हातात पडतं त्यानं मोजा, आकडा वाढेल.

नापास झालं तर फी परत मिळत नाही. पुन्हा बसायचं तर पुन्हा साडेआठ क्विंटल. म्हणून वाफसा आल्याशिवाय पेरू नका. घरी सरावाच्या परीक्षेत सलग चार-पाच वेळा चांगले गुण पडल्याशिवाय अर्ज भरू नका.

आणि आणखी एक. हे प्रमाणपत्र जन्मभराचं नाही. तीन वर्षांनी त्याची मुदत संपते. पुन्हा परीक्षा द्या, वरची परीक्षा द्या, किंवा ठरलेलं शिक्षण घेऊन ३० गुण जमवा. कपाशीचं बियाणं दर वर्षी विकत घ्यावं लागतं, तसंच हे. कंपनीनं धंदा मांडलाय, धर्मादाय नाही. हे आधीच माहीत असलं की राग येत नाही.

मग शिकायला किती लागतं? इथं चांगली बातमी आहे. सिस्कोचीच 'नेटवर्किंग अकादमी' १९९७ पासून चालते. तिचे पुष्कळसे पाठ घरबसल्या फुकट आहेत. 'पॅकेट ट्रेसर' नावाचा तिचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात पडद्यावरच स्विच, राऊटर मांडायचे, वायर जोडायची, पत्ते द्यायचे आणि माहिती पोचते का ते पाहायचं. चुकलं तर काही जळत नाही. जुना कॉम्प्युटरसुद्धा चालतो. म्हणजे कॉम्प्युटर, इंटरनेट आणि परीक्षेची फी, एवढाच खरा खर्च. बाकी जे लाखात मागतात ते कशाचे मागतात, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

बोगस बियाण्याची ओळख

आपण बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर पाहतो, पावती मागतो, तरी फसतो. क्लासची फी भरताना तर काहीच पाहत नाही. म्हणून पैसे देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा.

१. परीक्षेची फी तुमच्या फीत धरली आहे की वेगळी? धरली असेल तर लेखी द्या.

२. सराव कशावर? यंत्रं किंवा पॅकेट ट्रेसर आठवड्यात किती तास?

३. गेल्या वर्षी शिकलेल्या चार पोरांशी आम्हाला बोलू द्याल का? तुम्ही निवडलेल्या नाही, आम्ही यादीतून निवडू त्या.

४. 'हमी' म्हणजे काय? नोकरीची की मुलाखतीची? नोकरी नाही मिळाली तर किती पैसे, किती दिवसांत परत?

५. फी हप्त्यानं घेणार का, आणि मध्येच सोडलं तर उरलेली परत मिळणार का?

या पाच प्रश्नांवर जो चिडतो, त्याच्या दारातून परत या. आणि जो प्रश्नांचा गठ्ठा देऊन पाठ करा म्हणतो, त्याच्याकडे तर बसूच नका. चोरलेले प्रश्न पाठ करून दिलेली परीक्षा पकडली गेली तर कंपनी प्रमाणपत्र रद्द करते. नाही पकडली तरी मुलाखतीत कोरा कागद समोर येतोच. चांगले क्लासही आहेत, मी नाही म्हणत नाही. ज्याला घरी एकट्यानं शिस्त लागत नाही त्यानं चांगला क्लास जरूर लावावा. फक्त ओळखून लावावा.

तार आली, पुढं काय?

आता थोडं मोठं चित्र पाहू. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, तेही मोठ्या शहरांत. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, आपल्याच महाराष्ट्रात वारणेच्या खोऱ्यात कोल्हापूर-सांगली भागातली ७० गावं संगणकानं जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, वजन, बिल शेतकऱ्याला गावात कळावं म्हणून. देशभर त्याचं नाव झालं. पण यंत्रांची देखभाल, वीज, जोडणी या अडचणी राहिल्या, आणि पुढं २००७ च्या सुमारास काही गावांत तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देण्याचा प्रयोग झाला. यातला धडा असा की यंत्र आणणं एका दिवसाचं काम असतं, ते चालू ठेवणं रोजचं.

तीच गोष्ट पंचायतीच्या तारेची. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रानं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची योजना मंजूर केली. २०१५ मध्ये तिला 'भारतनेट' नाव दिलं. २०२३ मध्ये पुन्हा १ लाख ३९ हजार कोटींची नवी मंजुरी झाली. तुमच्या पंचायतीत जाऊन बघा, तार आली आहे का, पेटीवरचा दिवा लागलाय का, आणि बंद असेल तर दुरुस्त कोण करतं. मी ज्या गावांत गेलो त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ग्रामसेवकानं मला सांगितलं, "जिल्ह्याला कळवलंय." टेलला पाणी न येण्याची तक्रारही आपण अशीच कळवत असतो.

पण मला यात कामही दिसतं. ती पेटी, ती तार, शाळेतलं जाळं, सोसायटीचा कॉम्प्युटर, दवाखान्याचा कॅमेरा, हे सांभाळायला दर दहा-पंधरा गावांमागं एक जाणता पोरगा किंवा पोरगी लागेल. सगळ्यांनी पुण्याला जायला नको.

कुणाला घालायचं

शेवटचं आणि अवघड. घरात दोन-तीन पोरं असतात. कुणाला या वाटेला घालायचं? ज्याला शेतीत राम वाटत नाही त्याला घाला, असं आपण म्हणतो. चुकीचं आहे. ज्याला शेतात मोटार बंद पडली की स्वतः पेटी उघडून बघावंसं वाटतं, त्याला घाला. आणि ती पोरगी असेल तर पोरीला घाला. पडद्यासमोरच्या कामाला बैलाची ताकद लागत नाही. सुपे, मोरगावच्या बाजूच्या पोरी रोज एसटीनं बारामतीला जाऊन शिकतातच.

आणि जमीन विकू नका. या वाटेला जमीन विकण्याइतका पैसा लागतच नाही, हे मी आत्ता हिशेबानं दाखवलं. जो तुम्हाला एवढा पैसा मागतो, तो शिक्षण विकत नाही, तुमची भीती विकत घेतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात महिन्याला येणारा एक पगार म्हणजे दुष्काळात न आटणारी विहीर, हे मलाही मान्य आहे. पण ती विहीर खणायला वावरच विकलं तर भिजवायचं काय?

माझ्या पोराचं राहिलं. टेम्पोवर जाता जाता तो तालुक्यातल्या एका इंटरनेटवाल्याकडे संध्याकाळी जाऊ लागला. पोल चढला, तारा ओढल्या, सांधे केले. रात्री जुन्या कॉम्प्युटरवर पॅकेट ट्रेसर. त्याची आई दहाला लाईट जाते म्हणून जेवण लवकर करून ठेवायची. वर्षानं त्यानं मला एकदा हे गट फोडण्याचं गणित वहीत करून दाखवलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता याला येतंय. २०२१ च्या शेवटी त्यानं नव्या पद्धतीची परीक्षा स्वतःच्या पैशानं दिली आणि पास झाला. नोकरी लगेच नाही मिळाली. सात महिने गेले. मिळाली ती रात्रपाळीची. दिवाळीला त्याला सुट्टी मिळाली नाही, पाडव्याला ताट वाढून ठेवलं आणि उचललं. तीन वर्षांनी मुदत संपायच्या आत त्यानं पुढची परीक्षा दिली. आता बरं चाललंय. त्या दोन गाईंचे पैसे त्यानं परत केले, पण त्याच्या आईला माझं उत्तर अजून द्यायचं आहे. ते आज तुमच्यासमोर देतो. तिचा प्रश्न बरोबर होता. हमी कुणीच देत नव्हतं.

या जिल्हा बैठकीतून उठताना एवढं करू. तालुक्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी या धंद्यात काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरापोरींची नावं गोळा करावीत. नावं आली की महिन्यातून एक रविवार त्यांनी तालुक्याच्या गावी बसावं आणि विचारायला येणाऱ्याला खरं ते सांगावं. फी नाही, पत्रक नाही, हमी नाही. बाजूला नेऊन विचारायचे प्रश्न चारचौघांत विचारले जातील, एवढं झालं तरी पुष्कळ घरांच्या गाई दावणीला राहतील.